कुणाच्या बाजूनं छापायचं?

अंबाजोगाईत आमचं जाहिरातीचं दुकान आहे. फ्लेक्स, भिंतीवरचं पेंटिंग आणि गल्लोगल्ली फिरणाऱ्या रिक्षातलं रेकॉर्डिंग, सगळं करतो. रेकॉर्डिंगला आवाज माझे पार्टनर रफीकभाई यांचा. या धंद्यात किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत, उतरवलेल्या फ्लेक्ससारखे कोपऱ्यात आपोआप साचत जातात! हल्ली प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, "सामाजिक काहीतरी टाकू का? धंदा वाढंल का?" मी म्हणतो, बसा, चहा घ्या. मग सांगतो.

*

आमच्याकडच्या एका सराफांनी मोठ्या मनानं फ्लेक्स लावला, 'मुलगी झाली? चांदीचे पैंजण आमच्याकडून भेट!' फोटो निघाले, पेपरात आलं, दुकानात गर्दी झाली. सराफ खूश.

एका दुपारी एक जोडपं आलं. बाईच्या कडेवर तान्ही मुलगी. सराफांनी स्वतःच्या हातानं तिच्या पायात पैंजण घातले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आठवड्यानं तो नवरा एकटाच आला. पैंजण काउंटरवर ठेवले आणि म्हणाला, "शेठ, भावाला पोरगं झालंय. हे मोडून त्याला करदोडा करून द्या."

*

कापड दुकानदार मालपाणी (नाव बदललंय, माणूस भला आहे) त्याहून पुढे गेले. त्यांच्या भाचीचं लग्न कोवळ्या वयात झालं आणि पहिल्याच बाळंतपणात ती गेली. ते त्यांच्या मनाला लागलेलं. त्यांनी बोर्ड लावला, 'मुलगी अठराच्या आत असेल तर आमच्याकडे बस्ता मिळणार नाही!'

रफीकभाईंनी रिक्षासाठी हे वाक्य अशा काही आवाजात म्हटलं की माझ्या अंगावर काटा आला. अधिकाऱ्यांनी सत्कार केला. शाल, नारळ, भाषण!

लग्नसराई आली आणि दुकान ओस पडलं. ज्यांच्या मुली वीस-बावीसच्या होत्या तेही येईनात. एकाला मी विचारलंच. तो म्हणाला, "तिथं बस्ता बांधायचा म्हंजी पोरीचा दाखला घेऊन जायचं का? आमची काय इज्जत हाय का न्हाई?"

समोरच्या दुकानदारानं लगेच आपला फ्लेक्स टांगला, 'आम्ही वय विचारत नाही, फक्त माप विचारतो!'

मालपाणींनी बोर्ड काढला नाही. मी म्हटलं, "शेठ, निदान सीझनपुरता उतरवा." ते एवढंच म्हणाले, "तिचा फोटो घरात आहे. रोज बघावा लागतो."

*

मध्यंतरी जिल्ह्यात वातावरण फार तापलं होतं. दोन समाजांची माणसं एकमेकांच्या हॉटेलात बसेनात. तेव्हा बाहेरच्या एका चहा कंपनीला उमाळा आला. तेलगावच्या रस्त्यावर भिंत रंगवायची, दोन समाजांचे दोन शेतकरी एकत्र चहा पितायत, खाली 'एका घोटात एकी'.

रंगवली. सकाळी डावीकडच्या शेतकऱ्याच्या तोंडाला डांबर! पुन्हा रंगवली. या वेळी उजवीकडच्याला डांबर!

कंपनीच्या साहेबांचा फोन आला, "चेहरे काढा. फक्त दोन कप ठेवा."

दोन कप काढले. आमचा पेंटर शिडीवरून उतरत होता, तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली. मागे बसलेल्यानं भिंत नीट न्याहाळली आणि विचारलं, "काय रं, त्यांचा कप मोठा कामून काढला?"

*

हे ऐकून परळीचा एक हार्डवेअरवाला शहाणा झाला. म्हणाला, "आपल्याला कुणाचीच बाजू नको. बोर्डावरचं आडनाव खोडा."

खोडलं. चारच दिवसांत व्हॉट्सॲपवर फिरलं, 'यानं आडनाव लपवलंय. म्हणजे तिकडचाच आहे!'

दोन्हीकडच्या ग्रुपवर फिरलं!

*

आता शेवटचा. सॅनिटरी पॅडच्या एका कंपनीला ऊसतोड बायकांची बाजू घ्यायची होती. 'पाळीत सुट्टी, हा तिचा हक्क!' एक दिवस सुट्टी घेतली की मुकादम खाडा धरून दंड कापतात, त्यावर थेट बोट ठेवणारी जाहिरात. मला मनापासून आवडली. मॉडेल नको, खरी ऊसतोड बाई हवी, म्हणून मी शांताबाईंना विचारलं. वय असेल तिशीचं. वर्षानुवर्षं टोळीबरोबर जाणाऱ्या.

उसाच्या फडात शूटिंग. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात पॅडचं पाकीट. शांताबाईंनी वाक्य झटक्यात पाठ केलं, "आता त्या दिवसांत मी सुट्टी घेते!" आणि अशा हसल्या की डायरेक्टरनं टाळी वाजवली.

कंपनीच्या मॅडम पुण्याहून आलेल्या. जीव लावणारी बाई. शांताबाईंजवळ बसून म्हणाल्या, "ताई, कॅमेरा चालू आहे, पण आता पाठ केलेलं नको, मनातलं बोला. आमचे पॅड वापरून कसं वाटलं?"

शांताबाईंनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

"मला काय ठावं, मॅडम? माझी गर्भाची पिशवी काढून लई वर्षं झाली. खाडा पडतो म्हणून आमच्या टोळीतल्या समद्याच बायांनी काढलीया."

मॅडमनी मान फिरवली.

शेवटी डायरेक्टर हळूच म्हणाला, "ताई, मघाचं वाक्य एकदा परत घेऊ या?"

शांताबाईंनी पदर नीट केला, पाकीट गालाजवळ धरलं आणि म्हणाल्या, "आता त्या दिवसांत मी सुट्टी घेते!"

आणि हसल्या. मघापेक्षाही छान.