सिंधूच्या पत्र्याखाली माझी आई

सिंधू गेल्याचा निरोप आमच्या खोलीत आला, पण मला नाही... माझ्या आईला. गल्लीतल्या आशाबाईने दारातच आईला गाठलं, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि मी हातातली साडी तशीच धरून काय झालं, काय झालं विचारत राहिले. सिंधू मैत्रीण माझी. आम्ही दोघी धुळ्याकडच्या, इथे भेस्तानला भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. काविळीचं निमित्त झालं आणि ती दवाखान्यातून परत आलीच नाही. त्याला आता महिना होत आला. तिच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायला बसले आहे, पण खरं सांगायचं तर तिचं नाव निघालं की आजही माझ्या पोटात दुखतं.

आमच्या गल्लीत सगळ्या पत्र्याच्या खोल्या. उन्हाळ्यात भर दुपारी पंखा लावला तर वरची गरम हवाच अंगावर येते. लाइट मालकाच्या मीटरवरची, त्यामुळे कूलरचं नाव काढायची सोय नाही. घरी बसून साड्यांना लेस लावणाऱ्या आम्ही बायका पदराने वारा घेत काम करायचो. वडील गेल्यावर आईला मी इथे आणलं. पहिल्याच उन्हाळ्यात ती वर बघून म्हणाली, "गावले धाबावर खारी टाकतस ना, तसं आठे पत्रावर काहीतरी टाका." आमच्याकडे मातीच्या धाब्यावर दरवर्षी पांढरी खारी माती पसरतात. पाणी मुरत नाही आणि घरही गार राहतं. मी ते हसण्यावारी नेलं. शेजारी लेस लावत बसलेल्या सिंधूने मात्र कान टवकारले.

पुढच्याच रविवारी बाईसाहेब शिडी लावून आपल्या पत्र्यावर चुना फासत होत्या. वळवाच्या एका सरीत सगळा चुना वाहून गेला, भिंती पांढऱ्या झाल्या, मालक ओरडला. मला मनातून बरं वाटलं. पण ती कसली ऐकते! चुन्यात डिंक कालवून तिने पुन्हा हात दिला, आणि तो टिकला. तिची खोली दुपारी बसण्यासारखी झाली. मग तिने टूम काढली, की दुपारी सगळ्यांनी आपापले पंखे बंद करायचे आणि कामं घेऊन तिच्या एका पंख्याखाली बसायचं. पुढे एकेक करत गल्लीतले पत्रे बायकांनीच मिळून पांढरे केले. जो तो म्हणे, सिंधूचं डोकं! अहो, डोकं माझ्या आईचं होतं. आयत्या पिठावर रेघोट्या कुणीही ओढेल... आणि आईला त्याचं काहीच नाही, उलट तीच सगळ्यांना सिंधूचं कौतुक सांगायची.

माझा पत्रा मी रंगवू दिला नाही. माझ्याच आईची गोष्ट मला तिच्याकडून शिकायची नव्हती. मग व्हायचं तेच झालं. जेवण झालं की आई उशी काखेत मारून सिंधूकडे जायची, ती थेट दिवेलागणीला परत. गावच्या गोष्टी, दुखणीखुपणी, हसणं, सगळं पलीकडे. भिंतीतून मला नुसता आवाज यायचा. एकदा मी सिंधूला टोमणा मारला, की माझी आई काय दत्तक घेतलीस का. तिची आई तिच्या लहानपणीच गेलेली. ती चिडली नाही. म्हणाली, "माय तुनीच शे, बहीण. मी दुपारपुरती मांगस." मला त्याचाही राग आला.

ती गेल्यावर आईने तिकडे जाणं सोडलं. सिंधूचा नवरा कामावर जाताना आमच्याकडे किल्ली ठेवून जातो, बायका अजून तिथे बसतात, पण आईला तिथे बसवत नाही. ती माझ्या तापल्या खोलीत पडून राहायची, भिंतीकडे तोंड करून. मला हवी होती ती आई ही नव्हती. शेवटी परवाच्या रविवारी मीच बायकांना बोलावलं. चुना कालवला, डिंक घातला आणि माझा पत्रा पांढरा केला.

काल दुपारी आईला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. मी शेजारी लेस लावत होते. मला वाटलं, झालं, आली माझी आई माझ्याकडे. तेवढ्यात डोळे न उघडताच ती म्हणाली, "सिंधू, पंखा बंद कर व. हिव वाजस मले."

पत्रा माझा, पंखा माझा, आई माझी... मी उठले आणि पंखा बंद केला.