लांब वस्तूला लांब चिठ्ठी

महाडच्या एका वाचनालयामागच्या खोलीत लहानसं संग्रहालय होतं. गोमाजी तिथला शिपाई. आंबेनळी घाटाखालच्या वाडीतला, पंचेचाळिशीचा, अक्षरशत्रू. पण झाडलोट अशी करायचा, की तोफेच्या गोळ्यातही तोंड दिसावं.

एकोणसाठ साली मुंबईहून मोठे साहेब बघायला येणार म्हणून खोलीला चुना काढला. त्यासाठी वस्तूंखालच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून ठेवल्या होत्या. नेमके त्याच वेळी संग्रहालय सांभाळणारे टिपणीस मास्तर हिवतापाने पडले. मग गोमाजीनेच चिठ्ठ्या परत लावल्या. हिशेब सोपा : लांब वस्तूला लांब चिठ्ठी, आखूड वस्तूला आखूड.

साहेब आले. काचेवर रंगवलेल्या नटव्या बाईखाली त्यांनी वाचलं, ‘उखळी तोफ. वजन तीन मण.’ तोफेच्या गोळ्याखाली होतं, ‘मोत्याची नथ.’ साहेबांच्या मिशा थरथरू लागल्या. तेवढ्यात घोंगडी पांघरून टिपणीस धापा टाकत आले आणि चिठ्ठ्या बघून तिथेच खाली बसले.

हसू आवरून साहेबांनी एका टोकाला तिरकी कापलेली, काळी पडलेली बांबूची नळी उचलली. “ही काय आहे?”

“यज्ञात तूप सोडायचं पात्र,” टिपणीस क्षीण आवाजात म्हणाले.

“छ्या! यज्ञ कसला?” गोमाजी म्हणाला. “सायेब, ही बैलाला औषाद पाजायची नळी. माझ्या घरी दोन हायत.” आणि साहेबांचीच मान वर करून, नळी कशी धरायची ते तो दाखवू लागला. टिपणिसांनी डोळे मिटले.

साहेबांनी मात्र त्याला सगळ्या खोलीत फिरवलं. सहा वस्तूंची खरी ओळख त्या दिवशी पटली. ‘देवीचा मुकुट’ म्हणून मिरवणारी वस्तू बैलाच्या शिंगाच्या टोकाला बसवायची शेंबी निघाली.

“हा सांगेल तसं लिहा,” साहेब जाताना म्हणाले.

टिपणिसांनी दात-ओठ खात लिहिलं. पण पुन्हा घोटाळा नको म्हणून दुसऱ्याच दिवसापासून ते गोमाजीला मुळाक्षरं शिकवू लागले. वर्षभरात गडी अडखळत वाचायला लागला. टिपणिसांना एवढा अभिमान वाटला, की त्यांनी वाचनालयात पेढे वाटले.

पुढच्याच आठवड्यात वस्तूंवर बोटभर धूळ.

“गोमाजी, झाडत का नाहीस रे?”

गोमाजीने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं, “व-स्तूं-ना हात ला-वू न-ये.” मग म्हणाला, “तुमीच लिवलंय मास्तर. इतकी वर्सं मला कुनी बोललं नाय!”