दोन बोटं जास्तीची
लहानपणी पालमजवळच्या आमच्या शेतात थोरल्या भावानं मला विहिरीत ढकललं. पोहायला शिकण्यासाठी पाठीला डबा बांधला होता, त्याची गाठ सुटली. चुलत्यानं केसाला धरून मला वर काढलं. दादा ती गोष्ट अजून प्रत्येक लग्नात सांगतो आणि पंगत हसते. पुढं मी पोहायला शिकलो, शेळ्या राखता राखता बैलांचा व्यापारी झालो. पण दादाच्या गोष्टीत मी अजून बुडतोच आहे.

म्हणून बायकोसोबत मालवणला सुट्टीला गेलो, तेव्हा स्कुबाचा पूर्ण कोर्स करायचा आणि पास झाल्याचं कार्ड आणून दादाच्या हातात ठेवायचं, असं ठरवलं. फीवरून भांडलो, ती कमी करून घेतली. मग उथळ पाण्यात शिकवणाऱ्यानं मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायला सांगितलं आणि मी मास्क ओढून काढला. नाकाशी पाणी आलं की मी परत त्या विहिरीत. बायको किनाऱ्यावर शहाळं पीत होती. तिच्यादेखत पळून जायची सोय नव्हती.

खोल समुद्रात तर माझाच श्वास मला भात्यासारखा ऐकू यायचा. भ्यालेला माणूस हवा लवकर संपवतो. शिकवणारा तळहातावर दोन बोटं टेकवून विचारायचा, किती उरली? आपण सिलिंडरच्या मीटरवरचा काटा बघून बोटांनी आकडा दाखवायचा.

बैलबाजारात आम्ही उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबून भाव करतो. खरा आकडा उघड्यावर कुणी दाखवत नाही. आपल्याकडं कमी आहे हे समोरच्याला कळलं, की बाजार त्याचा. त्या दिवशी पाण्याखाली त्यानं विचारलं, तेव्हा माझा काटा लाल रेघेकडं सरकला होता. खरं दाखवलं तर हा मला वर काढणार, कार्ड जाणार, असं वाटलं. मी दोन बोटं जास्तीची दाखवली.

थोड्याच वेळात श्वास जड यायला लागला. ओढतोय, पण छाती भरत नाही. वर हिरवा उजेड, खाली काळं. मी हातपाय झाडले, वर पळायला बघितलं. त्यानं माझा पट्टा धरला, माझा काटा बघितला, स्वतःची जादा नळी माझ्या तोंडात दिली आणि हळूहळू वर आणलं. होडीत मी त्याच्यावरच ओरडलो, शिव्याही दिल्या. तो माझा सिलिंडर उतरवत राहिला.

"काका," तो म्हणाला, "खाली मी तुमचं गिऱ्हाईक नाय."

दुसऱ्या दिवशी उतरताना दात नळीवर वाजत होते. त्यानं विचारलं. हात छातीशी ओढला जात होता, तो मी उघडा केला आणि होता तोच आकडा दाखवला. त्यानं मान हलवली. जरा वेळानं दोघं वर आलो.

कार्ड मिळालं.

पेडगावच्या लग्नात दादानं विहिरीची गोष्ट काढली, तेव्हा ते मी त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यानं उलटसुलट करून बघितलं.

"आता तू चल," मी म्हणालो. "तुला शिकवायला घेऊन जातो."

"मला कुठं पोहायला येतंय रे," तो हळूच म्हणाला. "त्या दिशी डबा बांधून उतरायची पैली पाळी माझीच व्हती. भ्यालो, म्हनून तुला ढकललं."

पंगत पुढची गोष्ट ऐकायला थांबली होती. दादानं भाकरी मोडली, पण घास उचलला नाही.