कडेचा तुकडा

मी आप्पांशी खोटं बोलले. आणि त्यांनी ते जागेवर पकडलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. घरी पाहुणे आलेत, जो तो 'देवमाणूस होता' म्हणतोय. म्हणू देत.

आप्पा देवमाणूस नव्हते. लय संशयी होते.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान. पोत्याच्या तोंडाशी दिसणारी हळद त्यांनी जन्मात कधी खरी मानली नाही. पोकळ लोखंडी सळई पार तळापर्यंत खुपसायची, हाती आलेलं हळकुंड मोडून आतला रंग बघायचा, मगच तोंड उघडायचं.

माणसांनाही तोच नियम.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. आप्पांचं तोंड कधी पोळलं होतं कुणालाच माहीत नाही. ताक मात्र आयुष्यभर फुंकलं.

त्यांच्या गालात आतून गाठ आली. तपासणीला तुकडा काढला. रिपोर्ट आला, कॅन्सर.

तो रिपोर्ट त्यांनी तीन डॉक्टरांना दाखवला, एकाचं दुसऱ्याला कळू न देता. तिघांनी एकच सांगितलं.

"तिघं एकमेकांच्या वळखीचे असत्याल," आप्पा म्हणाले.

ज्या दवाखान्यात तुकडा काढला, तिथल्याच रिसर्च लॅबमध्ये मी काम करते. तपासणी करून उरलेला भाग, पेशंटची सही असेल तर, आमच्याकडे येतो. आप्पांनी ती सही काकीच्या धाकानं केली होती. मग माझ्यामागे लागले.

"तू त्याचं करतीस काय?"

मी सांगितलं. आप्पा, कॅन्सरची पेशी एकटी काही करू शकत नाही. ती शेजारच्या चांगल्या पेशींना हाताशी धरते. रक्ताच्या नळ्या स्वतःकडे वळवते. शरीराच्या राखणदार पेशी असतात ना, त्यांना गप्प बसवते. आम्ही गाठीबरोबर तिचा शेजारही तपासतो.

आप्पा पहिल्यांदाच खुश झालेले दिसले.

"म्हंजी घरातलंच कोणतरी फितूर हाय. मला वाटलंच. आतनं कडी काढल्याबिगर चोर शिरत न्हाई."

आणि लगेच, "मग शेजारचा तुकडा घेतलाय का? का नुसता मधला?"

नुसता मधला होता.

सांगते, आमच्या सेमिनारमध्ये एवढा नेमका प्रश्न क्वचित येतो.

मी म्हटलं, ऑपरेशनमध्ये गाठ काढताना भोवतीची कडही निघते. ती आम्हाला हवी आहे. त्यासाठी वेगळा फॉर्म आहे.

"आधी पयला माल दाखव."

इथं माझं चुकलं.

लॅबमध्ये सॅम्पलवर नाव नसतं, फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा ती यादी आमच्या हातात देत नाहीत, मुद्दामच. हे त्यांना सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण त्यावर ते वीस प्रश्न विचारतील या भीतीनं मी त्यांना लॅबमध्ये नेलं आणि विद्यार्थ्यांना शिकवायची एक जुनी स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावली.

आप्पांनी टोपी काढली. एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. गुलाबी, जांभळे ठिपके.

"हे माझं व्हय?"

"हो, आप्पा."

"बरं."

टोपी घालून निघून गेले.

चार दिवसांनी कळलं, आप्पांनी दुसऱ्या फॉर्मवर सही करायला नकार दिलाय. ऑपरेशन दोन दिवसांवर. त्या दिवशी कड मिळाली नाही तर ती कायमची गेली.

मी दुकानात गेले. आप्पा गादीवर बसलेले, गालावर सूज.

"आप्पा, सही का नाही केलीत?"

"ती काच कुणाची हुती?"

मी पिशवीतला फॉर्म काढू लागले.

"'हो' म्हणायच्या आधी तू दाराकडं बघितलंस. आगं, सौद्यात हुबं राहून म्हातारा झालो मी. माल खोटा असला की माणूस आधी दाराकडं बघतो."

मला रडू आलं. सगळं सांगितलं. स्लाइड कुणाची ते मलाही माहीत नाही, कुठला नंबर तुमचा तेही माहीत नाही, कळायची सोयच नाही.

"मग असंच सांगायचं की. येवढी शिकलीस आन् येवढं येत न्हाई?"

तेवढ्यात काकी आतून म्हणाली, "आवं, पोरीला रडवताय कशाला?"

"रडू दे. तिचं खरं रडू हाय."

मग फॉर्म मागितला. चष्मा लावून चारही पानं वाचली. तुकडा विकणार का? बाहेर कुठं पाठवणार का? मी मेल्यावर मालक कोण? प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. काहींना 'माहीत नाही' म्हटलं. लॅबमध्ये विचारून परत येऊन सांगितलं.

तिसऱ्या खेपेला सही केली.

मी म्हटलं, "आप्पा, मग ठेवलात ना विश्वास?"

"इश्वास? हॅट! एकदा घावलेला माणूस पुन्हा खोटं बोलायला भितो. म्हणून केली सही."

ऑपरेशन झालं. पण दुखणं मानेत परत आलं, आणि आप्पा गेले.

आमच्या कामाचा त्यांना काहीही उपयोग झाला नाही. हे स्पष्टच लिहिते, नाहीतर कुणाला वाटेल पुतणीनं काहीतरी शोध लावला. अजून काही हाती लागलेलं नाही. काम चालू आहे.

मला त्यांचा फार राग यायचा. आता फार आठवण येते.

फ्रीझरमध्ये रांगेनं छोट्या नळ्या आहेत. प्रत्येकीवर फक्त नंबर. त्यातली एक आप्पांच्या कडेच्या तुकड्याची. कुठली, ते मला कळत नाही, आणि कधी कळणारही नाही.

म्हणून मी सगळ्याच जपून उचलते.

आप्पा, तुमच्या पुतणीचा नमस्कार. या वेळी खरा आहे.