आत्याची सहाची प्रार्थना

सकाळी सहाला आत्याचा फोन वाजला, तसा मी नेहमीसारखा स्पीकर लावून आरशासमोर ठेवला आणि गालाला साबण फासायला लागलो. पलीकडून आवाज आला तो तिच्या शेजारच्या नजमाबींचा. "भैया, जल्दी आओ. आपा उठ नहीं रहे." पडेगावला तिच्या घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याला आता सहा आठवडे झाले.

रत्नाआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, जन्मभर शाळेत शिकवलेली, शिस्तीची लई कडक. "मन लागो न लागो, देवाशी रोज बोलायचं. दात घासायला मन लागतं का रे?" असं म्हणायची. माझी प्रार्थनेची सवय मोडलीय हे कळल्यावर तिनं हा फोन सुरू केला. ती एक स्तोत्र वाचायची, मग प्रार्थना करायची, शेवटी मी आमेन म्हणायचं. पहिले काही महिने मी खरंच डोळे मिटून बसलो. पुढं वाळूजच्या कंपनीची गाडी लवकर यायला लागली आणि मी अक्कल लढवली... दाढी करता करता, बूट घालता घालता प्रार्थना उरकायची. ती थांबली की आमेन. वर चर्चमध्ये फुशारकी मारायचो, आमचा एक दिवस चुकत नाही.

उन्हाळ्यापासून तिच्या प्रार्थना लांबायला लागल्या. आवाज खाली जायचा, मध्येच नुसता श्वास ऐकू यायचा. मला घड्याळ दिसायचं. अशीच ती एकदा थांबली आणि मी आमेन ठोकून दिलं, तर म्हणाली, "अजून झाली नाही रे माझी." त्यानंतर मात्र तिनं कधी टोकलं नाही. मी आमेन म्हटलं की गप व्हायची, फोन ठेवायची. मला ते बरंच वाटलं.

दफनविधी आटोपून आत्याच्या घरी आलो तेव्हा नजमाबींनी चहा दिला आणि सहज विचारलं, "डाक्टर का नंबर नहीं लगा क्या?" कुठला डॉक्टर, मी म्हटलं. तेव्हा त्यांनी सांगितलं. मधली भिंत पातळ, आत्याचाही फोन स्पीकरवर, त्यांना सगळं ऐकू यायचं. आत्या रोज प्रार्थनेत सांगत होती... प्रभू, चार पायऱ्या चढवत नाहीत, डाव्या हाताला मुंग्या येतात, छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. "तुम तो रोज सुन के आमेन बोलते थे. मैं समझी, तुमकू सब मालूम हय."

मला स्वतःची शिसारी आली. ती देवाला सांगत होती की देवाच्या आडून मला, हे आता कोण सांगणार? तोंडानं मदत मागायची तिला लाज वाटली असेल. आणि मी तिच्या दुखण्यावर रोज आमेन, म्हणजे "तसंच होवो" म्हणत होतो.

आता सहाला बायको प्रार्थना करते. मी हातातलं सगळं बाजूला ठेवून बसतो, एकेक शब्द ऐकतो. परवा तिचा आवाज मध्येच खाली गेला... श्वास तेवढा ऐकू आला. मी डोळे उघडले. "काय म्हणालीस?"

"काही नाही. तुम्ही आमेन म्हणा, उशीर होतोय."

मी आमेन म्हटलं नाही. कंपनीत रजा कळवली आणि ती सांगेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिलो.