बेस एकटा

गाढवपणा कुणाच्या हातून होत नाही? पण तो भर नाताळच्या उपासनेत, माइकवर, अकरा पाहुण्यांना गाडी करून बोलावून कुणी केलाय? मी केलाय. चहा संपेपर्यंत सांगतो, हसायचं ते एकदाच हसून घ्या.

मी वीजमंडळात लाइनमन. खांबावरून खालच्या माणसाला हाका मारून मारून माझा आवाज असा झालाय, की मी घरात बोललो तरी शेजारचे ओ देतात. गाण्याची हौस मात्र दांडगी. या हौसेला एकच माणूस आडवा यायचा, तो म्हणजे माझा सासरा. शिराळ्याकडचे रिटायर गुरुजी, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. गावच्या चर्चमध्ये चाळीस वर्षं पेटी वाजवलेला माणूस. लग्नाला बारा वर्षं झाली, पण सासुरवाडीत प्रार्थनेला गीत सुरू झालं की आण्णा हळूच माझ्या गुडघ्यावर हात ठेवणार. "पाव्हणं, तुमी नुसतं मनात म्हणा." मला ते फार लागायचं.

तर बदली होऊन आम्ही सांगलीला आलो आणि इथल्या चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गाणाऱ्या मंडळींत, मी नाव घातलं. शिकवायला सायमनसर, पुण्याला शिकून आलेले. बायकांशी ते काहीतरी इंग्रजीत बोलायचे. पुढच्या रांगेतल्या तरुण मंडळींशीही इंग्रजीतच. तो आपला विषय नव्हे म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण आम्ही चौघं मागे उभे असायचो, तिकडे बोट दाखवून सर चक्क आपल्या भाषेत म्हणायचे, "बेस!"

आता मला सांगा, आपल्याकडं बेस म्हणजे काय? पिठलं बेस झालंय, पोरगं बेस हाय. पहिल्याच दिवशी सरांनी मला चार वेळा बेस म्हटलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

घरी येऊन सुवार्ताला, म्हणजे बायकोला, सांगितलं. तिनं हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली.

"सर तुम्हाला बेस म्हणाले? तुम्हाला?"

"चार वेळा."

"दुसऱ्या कुणाला तरी म्हणाले असतील."

"अगं, माझ्याकडं बोट करून म्हणाले."

दोन महिने हेच. एखाद्या दिवशी सर नुसते "बेस, बेस, बेस" करत राहायचे. तेव्हा त्यांचा चेहरा जरा त्रासलेला दिसायचा, पण कौतुक करून करून माणूस दमतो, असं मला वाटलं.

मग नाताळच्या आधीची शेवटची तालीम आली. सर म्हणाले, "नीट ऐका. दुसरं कडवं बेस एकटा घेईल. बाकी कुणी गायचं नाही, पेटीही बंद." आणि बोट माझ्याकडं.

मी एकटा? तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, तार तुटली होती, आणि मी तालीम अर्धी सोडून पळालो. थांबलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी पळता पळता आण्णांना फोन लावला. "आण्णा, नाताळला सांगलीलाच या. मी एकटा गाणार आहे." आण्णांनी "एकटंच?" असं दोनदा विचारून घेतलं. मग ते म्हणाले, "येतो. देवाची मर्जी."

नाताळच्या सकाळी आण्णा भगवा फेटा बांधून दुसऱ्या बाकावर, शेजारी अख्खी सासुरवाडी. पहिलं कडवं सगळ्यांनी म्हटलं. पेटी थांबली. मी रांगेतून दोन पावलं पुढं झालो आणि माइक धरला.

तेवढ्यात मागून माझ्या रांगेतल्या तिघांनी सूर लावला. मी चिडलो. दोन महिने सर बेस म्हणतात मला आणि गाणार हे? मी मागे वळून त्या तिघांतल्या दाऊदमामांना म्हणालो, "आवं मामा, गप ऱ्हावा की. ह्ये माझं हाय."

माइक हातातच होता. सगळ्या चर्चनं ते ऐकलं. तिघं जागच्या जागी गप्प झाले.

मी गायला लागलो. आमच्या मागच्या रांगेला शिकवलेली चाल कशी होती, सांगतो. सूर दोनच, एक खालचा आणि एक त्याच्याही खालचा. सगळे गात असले की त्यात ती खपून जायची. सर हातानं "मागे हो, मागे हो" करत होते. मला वाटलं आवाज खाली घ्यायला सांगताहेत, म्हणून मी आणखी खाली गेलो. कडव्याचे शब्द "हे दयाळू बापा, आम्ही तुझी लेकरं" असे. एक माणूस पुढं उभा राहून खालच्या आवाजात देवाला काहीतरी विनवतोय, हे बघून लोकांनी काय केलं असेल?

माना खाली घातल्या आणि डोळे मिटले.

कडवं संपलं. सगळं चर्च एका आवाजात म्हणालं, "आमेन." पाळकसाहेब उठले आणि त्यांनी उपदेश सुरू केला. उरलेली दोन कडवी राहिली ती राहिलीच.

उपासना सुटल्यावर सरांनी मला कोपऱ्यात घेतलं. "अहो, पुढं कशाला आलात? चौघांनी मिळून गायचं होतं. बेस म्हणजे इंग्रजीत खालचा आवाज. तुम्हा चौघांच्या आवाजाचं ते नाव आहे."

"म्हणजे तुम्ही मला चांगलं म्हणत नव्हता?"

"दोन महिन्यांत एकदाही नाही," सर म्हणाले.

खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. आता आण्णांना तोंड कसं दाखवायचं? बाहेर मांडवात चहा-करंज्या चालल्या होत्या. मी खांबाआड उभा राहिलो, तर आण्णा स्वतःच शोधत आले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"पाव्हणं, काय प्रार्थना केलीसा. लय मनापासनं. माझं तर डोळं भरून आलं."

बारा वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यानं कौतुक केलं होतं. खरं सांगायचा धीरच होईना.

मग आण्णा जरा चाचरत म्हणाले, "आता तेवढं तुमचं गाणं ऐकतो आन् निघतो. कवा हाय?"

मी सुवार्ताकडं बघितलं. तिनं पदर तोंडात कोंबला होता.

"आण्णा," मी म्हणालो, "गाणं रद्द झालं. घसा बसलाय."

आण्णांनी सुटकेचा मोठा श्वास सोडला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घिऊ नगा. तुमी पुढं प्रार्थना करत हुता, तवा डोळं मिटून मी बी देवाकडं ह्येच मागत हुतो."