काकूंना जे सांगायला लाजलो

माझ्या नावापुढे आज पदवी आहे ती रामघाटावरच्या काकूंमुळे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. तालुक्याच्या गावातून मी बनारसला शिकायला गेलो, तेव्हा त्यांनी खोली दिली, चार वर्षं जेवू घातलं.

काका श्राद्धविधी करत. यजमानांचा स्वयंपाक काकू सोवळ्यात करायच्या. मध्येच लघवीला गेलं की सोवळं मोडायचं, पुन्हा डोक्यावरून अंघोळ. म्हणून पहाटेपासून पानं उठेपर्यंत त्या पाण्याचा थेंब घेत नसत.

शेवटच्या वर्षी त्यांना थंडी वाजून ताप भरला. काका घाटावर, म्हणून दवाखान्यात मी नेलं.

"अम्मा, पानी कितना पीती हैं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गंगाकिनारे रहते हैं, पानी की क्या कमी!"

"गंगाजी को छोड़िए. आप कितना पीती हैं?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

सलाईन लावल्यावर त्यांना झोप लागली. बाईंनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. लघवीचा संसर्ग होता. "घर जाकर ठीक से समझा देना," म्हणाल्या.

घरी काकूंनी विचारलं, "काय म्हणाली रे ती?"

"पाणी जास्त प्या म्हणाल्या. गोळ्या पुऱ्या करा."

"एवढं शिकून हेच सांगते होय!"

बाकीचं तोंडातून निघेना. आईच्या वयाच्या बाईशी हे कसं बोलायचं? काकू पाणी पिऊ लागल्या, पण जेवणं आटोपल्यावर. सकाळ कोरडीच.

नोकरी लागून मी नागपूरला आलो. काल काकांचा दवाखान्यातून फोन आला. त्याच संसर्गाची वर्षातली ही तिसरी खेप, आता मूत्रपिंडाला सूज आहे. "आणि ही म्हणते, पुढच्या आठवड्यात श्राद्ध आहे, घरी सोडा!" काका म्हणाले. त्यांनी फोन काकूंना दिला. मी पुन्हा एवढंच म्हणालो, पाणी प्या.

मग रडत लिहायला बसलो. आज सकाळी स्पीड पोस्टानं पाठवलं ते हे:

"काकू, नमस्कार. त्या दिवशी डॉक्टरीणबाई आणखीही बोलल्या होत्या. मी लाजेनं गिळलं. लघवी रोखून धरायची नाही. लागली की उठायचं, सोवळं मोडलं तरी. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, आता डॉक्टर सांगतील तेवढं. धुताना, पुसताना हात पुढून मागे न्यायचा. हे तेव्हाच सांगितलं असतं, तर तुम्ही आज तिथे नसतात कदाचित. पुढच्या आठवड्याचा स्वयंपाक दुसऱ्या कुणाला करू द्या, पितर रागावणार नाहीत. मी पाया पडतो. पत्र काकांनाही वाचायला द्या. मला लाज वाटायची तेवढी वाटून झाली."